उंबरठ्याआड जपलेली भाषा

वसईच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन तारखांच्या मधली दोन शतके तटबंदी, मठ आणि मंदिरांच्या अवशेषांतून आजही बोलतात. पण पोर्तुगीज सत्ता गेली, मठ ओस पडले, तरीही ख्रिस्ती समाज टिकला. तो कशाच्या आधारावर? या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यात सापडत नाही. ते वाडीतल्या घरात शोधावे लागते.

आगाशी, नंदाखाल, पापडी या परिसरातील जुनी घरे केळी व पानवेलींच्या वाड्यांना लागून असत. विहिरीवर रहाट फिरे आणि पाटाचे पाणी बागेत खेळे. 1867 साली विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली, तेव्हा या वाड्यांना शहराची बाजारपेठ जवळ आली. घरातील सारीच माणसे मळ्यात राबत. मात्र संध्याकाळी सर्व कुटुंब वेदीपुढे जपमाळेसाठी एकत्र येई. लग्नात 'उंबराचे पाणी' आणण्याची चाल होती, थोरल्या बायका लाल लुगडे नेसत. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांचा धर्म वेगळा झाला, पण घरची बोली एकच राहिली.

येथे आयर्लंडची आठवण होते. अठराव्या शतकात तेथील कॅथलिकांवर जाचक कायद्यांचे दडपण होते. आडरानातील खडकालाच वेदी मानून ते मिस्सा साजरी करीत. ख्रिस्तसभेचा आधार दुबळा झाला असता श्रद्धा घराने सांभाळली, हे दोन्हीकडे सारखेच. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. 1845 नंतरचा भीषण दुष्काळ, परदेशगमन आणि इंग्रजी शाळा यांमुळे बहुसंख्य आयरिश घरांतून आयरिश भाषा मावळली. श्रद्धा उरली, पण आजीची भाषा नातवाला परकी झाली.

वसईने श्रद्धा व भाषा दोन्ही राखल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा आपल्या माणसांना ती परकी वाटली नाही. कारण घरात मराठी होतीच. त्याच मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो घडले. हरित वसईसाठी ते झगडले आणि 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 च्या जुलैमध्ये त्यांचे देहावसान झाले.

आज वाड्यांच्या जागी इमारती उठल्या आहेत. ओटी गेली, अंगण गेले, हे दुःख मोठे आहे. तथापि घर म्हणजे केवळ कौले आणि भिंती नव्हेत. मुंबईतील अनेक ईस्ट इंडियन कुटुंबांत इंग्रजी घरभाषा झाली, ती कुणाच्या सक्तीने नव्हे. मुलांच्या भल्यासाठी म्हणूनच ती घरात आली. इंग्रजी शाळेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र शाळेची भाषा जपमाळेपर्यंत, जेवणाच्या पाटापर्यंत येऊ द्यावी की नाही, याचा निर्णय कोणतेही सरकार किंवा धर्मगुरू घेणार नाहीत. तो आईवडिलांनाच घ्यायचा आहे.

पोर्तुगिजांचा तट दोन शतकांत ढासळला. घराचा उंबरठा त्याहून अधिक काळ टिकला आहे. यापुढे तो किती टिकेल, हे आपल्याच हाती आहे.