कॅमेऱ्याचे पाय मोजणीदाराचे

जपानमध्ये घडलेला कोणताही कॅमेरा उलटा धरून पाहा. त्याचा सगळा हिशोब मिलिमीटरचा असतो. सेन्सरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, लेन्सचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. तळाचे भोक मात्र इंचाचे: पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे. ट्रायपॉडच्या माथ्यावर बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या कलात पकडणारा गोळ्याचा सांधा, बसतो तिथला स्क्रू थोडा जाड असतो, ३/८ इंच आणि इंचाला १६ आटे. आयएसओ १२२२ या आंतरराष्ट्रीय मानकाने ही दोन मापे जगभर पक्की केली आहेत. आता रस्त्याच्या कडेला टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचे यंत्र) लावून उभ्या असलेल्या मोजणीदाराच्या तिवईचा माथा पाहा. तिथला स्क्रू ५/८ इंचाचा, इंचाला ११ आटे. ही तिन्ही मापे एकाच जुन्या तक्त्यात सापडतात.

त्या तक्त्यावरून मी जे मत बनवले ते सरळ मांडतो. कॅमेऱ्याचे पाय छायाचित्रकाराने शोधले नाहीत आणि चित्रकाराकडूनही घेतले नाहीत. ते जमीन मोजणाऱ्याचे आहेत. ट्रायपॉड, एका पायाचा मोनोपॉड आणि बॉल हेड एकाच घराण्यातले आहेत. हे घराणे समजले, की यांतले काय विकत घ्यावे हेही समजते.

तीन पायांच्या उगमावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. धान्य उफणायला खळ्यावर तिवई मांडणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागले नाही. खरा वाद आहे तो ही तिवई कॅमेऱ्याखाली कुणी आणली याचा.

चित्रकाराच्या बाजूचा दावा भक्कम आहे. कॅमेरा ऑब्स्क्युरा चित्रकार वापरत. छायाचित्रणाचा इंग्रज आद्य प्रवर्तक टॅलबॉट याला त्याची कल्पना सुचली ती ऑक्टोबर १८३३ मध्ये, कोमो सरोवराकाठी कॅमेरा ल्युसिडा घेऊन रेखाटने करताना आणि ती मनासारखी उतरत नसताना. आपल्याकडचा दाखला अजिंठ्याचा. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी तिथल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या नकला करत वर्षानुवर्षे राहिला आणि पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. त्याने टिपलेली अजिंठा-वेरुळची स्टिरिओ छायाचित्रे वास्तुइतिहासकार फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. एकाच माणसाच्या आयुष्यात ईझल गेले आणि कॅमेरा आला. मग कॅमेऱ्याचा स्टँड ईझलवरूनच आला असणार, असे कुणालाही वाटेल.

मला ते पटत नाही, कारण ईझलचे काम वेगळे आहे. ते कॅनव्हास चित्रकाराच्या तोंडासमोर धरते. त्याला उभ्या आसाभोवती फिरायचे नसते, क्षितिजाशी समांतर व्हायचे नसते, आणि दूरच्या एका बिंदूवर रोखून तिथेच खिळून राहायचेही नसते. कॅमेऱ्याला ही तिन्ही कामे करावी लागतात. कॅमेरा वर कलला की देवळाचे खांब माथ्याकडे एकमेकांत झुकलेले दिसतात, ते सरळ हवे असतील तर कॅमेरा समपातळीतच लागतो. लेण्याचा दर्शनी भाग टिपणाऱ्या गिललाही हा नियम चुकला नसता. हात चित्रकाराचे राहिले तरी कॅमेऱ्यामागे उभे राहताच काम मोजणीदाराचे झाले. टॅलबॉटच्या पहिल्या कॅमेऱ्यांना तर पायच नव्हते. त्या लहानशा लाकडी पेट्यांना त्याची पत्नी कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणे.

आता माझा सर्वांत आवडता साक्षीदार, योहानेस केप्लर. १६२० मध्ये इंग्रज मुत्सद्दी हेन्री वॉटन त्याला लिंझमध्ये भेटला. केप्लरकडे एक छोटा काळा तंबू होता. त्याच्या भोकात भिंग बसवलेले होते, बाहेरचे दृश्य आत कागदावर पडे आणि केप्लर ते गिरवून घेई. एका दिशेचे गिरवून झाले की तो तंबू पवनचक्कीच्या माथ्यासारखा थोडा वळवायचा आणि पुढचा भाग गिरवायचा. असे करत सगळे क्षितिज कागदावर यायचे. हे काम आपण चित्रकार म्हणून नव्हे तर गणिती म्हणून केले, असे केप्लरने वॉटनला सांगितले. वॉटननेही फ्रान्सिस बेकनला पत्रातून हे कळवताना प्रदेशवर्णनासाठी या युक्तीचा उपयोग होईल असे सुचवले. छायाचित्रणाचा जन्म अजून दोन शतके दूर होता, तरी एका बिंदूवर उभे राहून उभ्या आसाभोवती कॅमेरा फिरवायचा हा विचार तिथे पूर्ण झालेला दिसतो. तो आला होता नकाशे काढणाऱ्या गणितज्ञाच्या डोक्यातून.

हा विचार छायाचित्रकारापर्यंत पोचला कसा? माझे उत्तर आहे: दुकानातून. फोइग्टलेंडर ही पेढी १७५६ मध्ये व्हिएन्नात निघाली ती गणिती उपकरणे बनवण्यासाठी. तिथेच १८४१ मध्ये गणितज्ञ पेट्झवालने आखलेल्या भिंगाचा पितळी डॅगेरोटाइप कॅमेरा तयार झाला. लंडनची नेग्रेटी अँड झाम्ब्रा ही पेढी शास्त्रीय उपकरणे आणि छायाचित्रण असे दोन्ही धंदे करत होती. मोजणीच्या यंत्राला स्टँड कसा जोडायचा हे ज्या कारागिराच्या हातात बसलेले असेल, तो कॅमेऱ्यासाठी वेगळा सांधा शोधत बसणार नाही. तो फळीवरचा तयार सांधाच उचलेल.

त्या फळीवरचा सगळ्यांत सुंदर सांधा म्हणजे उखळीचा सांधा, आजचा बॉल हेड. याच्या कुळाबद्दल एक मत नेहमी ऐकू येते, की तो जहाजावरच्या होकायंत्राच्या झुलत्या कड्यांमधून, कार्डानोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेतून आला. पण त्या कड्यांचे काम नेमके उलटे आहे. जहाज कितीही कलले तरी होकायंत्र आपोआप समपातळीत झुलत राहावे म्हणून त्या मोकळ्या सोडलेल्या असतात. बॉल हेडमध्ये आपण हवा तो कल देतो आणि गोळा आवळून तो तिथेच पकडून ठेवतो. मुक्त झुलणाऱ्या कड्यांमधून असा आवळायचा सांधा निघणे मला संभवनीय वाटत नाही.

माझ्या मते बॉल हेडचा पूर्वज 'जेकबची काठी' हा आहे. या नावाचा घोळ आधी सोडवायला हवा. चौदाव्या शतकात लेव्ही बेन गेर्सनने वर्णन केलेला, ताऱ्यांमधले कोन मोजायचा आडवी पट्टी सरकणारा दंडही याच नावाने ओळखला जातो. आपला त्याच्याशी संबंध नाही. आपली काठी मोजणीदाराची: एकच दंड, खाली जमिनीत रुतणारे लोखंडी टोक, वर पितळी उखळी आणि तिच्यात गोळा. गोळ्यावर होकायंत्र बसे. लोखंडाने सुई बिथरते, म्हणून वरचे काम पितळेचे. अमेरिकेतल्या रानात झाडझाडोरा तोडत हद्दी आखणाऱ्या मोजणीदारांना तिवईपेक्षा ही काठी सोयीची पडे. ट्रॉय गावच्या गर्ली कंपनीसारखे उपकरणकार या काठीचे सुटे भाग विकत. दांडा मोजणीदाराने स्वतः जमवायचा.

गोळा नेमका इथेच का लागला, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तिवई तिरपी लागली तर एखादा पाय पुढे-मागे सरकवून माथा समपातळीत आणता येतो. एकाच काठीला ती सोय नाही. जमिनीत रुतवलेली काठी कधीच तंतोतंत ओळंब्यात उभी राहत नाही, आणि होकायंत्राची सुई मोकळी फिरायची तर तबकडी आडवी हवीच. म्हणून काठीचा कल काठीजवळ राहू देऊन वरचे यंत्र सरळ करणारा सांधा हवा होता. गोळा जन्मला तो एका पायाची उणीव भरून काढण्यासाठी.

मोजणीदाराचा एकटा दंड आपल्याकडेही होता. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या महसुली मोजणीची घडी बसवली, त्या मुंबई इलाख्याच्या परंपरेत साखळीच्या जोडीला क्रॉस-स्टाफ असे. जमिनीत रोवलेल्या काठीच्या माथ्यावर काटकोनात चिरा पाडलेले डोके. आपला ३३ फूट बाय ३३ फुटांचा गुंठा त्या साखळीच्या मापाशी जोडलेला आहे. काटकोन पाहण्यापुरते ते डोके स्थिर ठेवले तरी काम भागे, म्हणून तिथे गोळ्याची गरज पडली नाही. जिथे यंत्र बारकाईने आडवे हवे, तिथेच गोळा आला. हा फरक माझ्या मताला आणखी बळ देतो.

आता तळाचा स्क्रू. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आट्यांच्या एकसमान पद्धतीचा निबंध मांडला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. त्याने देशभरच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा करून मध्यममाप काढले आणि आट्याचा कोन ५५ अंश ठरवला. त्याच्या तक्त्यात पाव इंचाला २०, ३/८ ला १६ आणि ५/८ ला ११ आटे आहेत. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा वेगळा आटा मांडला. म्हणून अमेरिकन अभ्यासक कॅमेऱ्याचा स्क्रू आपला मानतात आणि इंग्रज आपला.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की या वादाचे उत्तर मिळते. अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर दोघांची फारकत होते: व्हिटवर्थचे १२ आटे, सेलर्सचे १३. या मापाचे स्क्रू एकमेकांच्या नटात जाणार नाहीत. पाव, ३/८ आणि ५/८ या मापांवर मात्र दोघांचे आकडे तंतोतंत जुळतात. कोनात पाच अंशांचा फरक असला तरी इतक्या लहान स्क्रूत तो निभावतो. कॅमेऱ्याने अर्ध्या इंचाचा स्क्रू धरला असता तर अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन प्रकारचे ट्रायपॉड विकावे लागले असते. मोजणीदार आणि छायाचित्रकार दोघेही अशा मापांवर स्थिरावले जी दोन्ही देशांत चालत होती. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने आट्यांचा करार केला, तोवर कॅमेऱ्यापुरता प्रश्न सुटलेलाच होता. जुने जर्मन कॅमेरे बराच काळ ३/८ वर राहिले, म्हणूनच जाड भोकात बारीक स्क्रू बसवणारी पितळी बुशिंग आजही मिळते.

छायाचित्रणाचा प्रवास सर्वांना माहीत आहे: १८३९ मधला डॅगेर, १८५१ मधली आर्चरची ओल्या काचेची पद्धत, १९२५ मधला लायका, १९९० च्या दशकातले कार्बन फायबरचे पाय. या सगळ्यात पायांचे साहित्य बदलले, त्यांचे कूळ बदलले नाही.

हे कूळ खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडते. गोळा एका पायासाठी जन्मला, पण आज तो तीन पायांवर बसतो. मोनोपॉडवर मात्र त्याची गरज उरलेली नाही, कारण मोजणीदार काठी रोवून सोडत असे आणि आपण ती हातात धरतो. डावी-उजवीकडचा कल आपण काठीच झुकवून देतो. वर राहतो फक्त वर-खाली पाहण्याचा कल, आणि त्याला एका दिशेने वाकणारा साधा टिल्ट हेड पुरतो. लांब लेन्स लावून मोनोपॉडवर गोळा ठेवला, तर गोळा सैल करताच लेन्स बाजूला कोसळते. मोनोपॉड कॅमेऱ्याची वर-खाली थरथर थांबवतो, पण झोके आणि वळणे थांबवत नाही. म्हणून तो पक्ष्यांसाठी आणि खेळांसाठी घ्यावा. रात्रीच्या आकाशासाठी घेऊ नये.

ट्रायपॉडवर बॉल हेड घेताना मोजणीदाराची कसोटी लावावी: आवळल्यावर यंत्र जिथे रोखले होते तिथेच राहते का? आपली सर्वांत जड लेन्स लावा, चौकटीच्या मधोमध एक बिंदू धरा, आवळा आणि हात सोडा. बिंदू खाली सरकला तर तो गोळा लहान आहे, डब्यावर किती किलोचा आकडा छापला आहे ते मग पाहूच नका. गोळ्याच्या तळाशी स्वतंत्र फिरणारा पाया असावा, कारण केप्लरच्या तंबूसारखे क्षितिजाभोवती फिरणे हे गोळ्याचे काम नाही. आणि गोळा फिरवून क्षितिज सरळ करण्याआधी पाय सरकवून माथा समपातळीत आणा, म्हणजे फिरताना क्षितिज तिरके होणार नाही.

पाय निवडताना मधला खांब वर न काढता डोळ्यापर्यंत येणारा ट्रायपॉड घ्या. खांब वर काढला की तीन पायांच्या माथ्यावर तुम्ही पुन्हा एक काठी उभी करता, आणि ज्या थरथरीसाठी तीन पाय घेतले तीच परत येते. पायांना जितके जास्त टप्पे, तितका सर्वांत खालचा पाय बारीक, म्हणून प्रवासात लांबी परवडत असेल तर तीन टप्प्यांचा घ्यावा. वजनावर तडजोड करायचीच असेल तर ती पायांच्या उंचीत करावी, गोळ्याच्या व्यासात करू नये. ट्रायपॉड थोडा बुटका असला तर आपण वाकून पाहू शकतो. सटकणाऱ्या गोळ्यावर मात्र दुसरा उपाय नाही.