इंजिनाचा ठोका आणि माणसाची किंमत

मोटारीच्या इंजिनाच्या इतिहासात कामगाराचा इतिहासही दडलेला असतो, असे आम्ही म्हटले तर नवल वाटेल. पण एक उदाहरण पाहू.

इंजिनातून बाहेर पडणारा धूर पुष्कळ शक्ती वाया घालवतो. त्या धुरावर चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली पेटंटात मांडली. हाच टर्बोचार्जर. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त आणि जोरही जास्त. पण दाबलेली हवा तापते आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच काही मिश्रण आपोआप भडकते. इंजिन ठोके देऊ लागते. पिस्टन फुटूही शकतो. एरवी वजनाने 1 भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा लागते. पण पुऱ्या जोरात चालताना हवा 12 भागांच्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते.

ठोका थांबविण्याचा दुसरा उपाय इंधनातच होता. 1921 साली अमेरिकेत टॉमस मिजली याला शिशाचे एक संयुग सापडले. ते थेंबभर घातले की ठोका थांबे. मात्र ते जहाल विष होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात त्याने 5 कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. 'ही माणसे फार कष्ट करीत होती,' असा खुलासा कंपनीकडून झाला! 1925 च्या परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला, तरी 1926 साली विक्री पुन्हा सुरू झाली.

1962 साली ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बो मोटार आली. तिला ठोक्यापासून वाचवायला पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून मिळे. टाकी रिकामी झाली की हवेचा दाब आपोआप कमी होई. मालक टाकी भरावयास विसरत आणि जोर गेला म्हणून कुरकुरत. पुढच्याच वर्षी ती मोटार बंद झाली.

पुढे 1980 च्या दशकात स्वीडनच्या साब कंपनीने इंजिनाला जणू कान दिला. ठोक्याची थरथर ओळखणारे यंत्र इंजिनावर बसविले. ठोका ऐकू आला की हवेचा दाब उतरे. आता विषाची गरज तेवढी उरली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 साली थांबली. जगात शेवटी 2021 साली.

आम्ही आयुष्यभर कामगारांच्या तक्रारी ऐकत आलो. म्हणून एवढेच विचारतो. यंत्राने ठोका दिला की मालक तत्काळ कान देतो. मग बेवेच्या माणसांची कण्हणी ऐकायला जगाला 97 वर्षे का लागावीत?