परवान्याच्या वाक्यातील अट : मुक्त आज्ञावलीच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे व्यवहारात ज्यांना सॉफ्टवेअर म्हटले जाते त्या, कोणी कशा वापराव्यात हे ठरविणाऱ्या परवान्यांचा विचार आजवर मुख्यत्वे कायद्याच्या आणि अर्थकारणाच्या अंगाने झालेला आहे. परंतु हे परवाने प्रथमतः लेख आहेत. त्यांना कर्ता आहे, काळ आहे, पाठभेद आहेत. आणि त्यांच्या अर्थाविषयी वाद उत्पन्न झाला तेव्हा तो पुष्कळदा एखाद्या शब्दयोजनेवर येऊन ठेपला आहे. अमेरिकेतील एका वरिष्ठ न्यायालयाने २००८ साली अशा एका परवान्यासंबंधी जो निवाडा दिला तो फार मोठ्या अंशी दोन इंग्रजी शब्दांच्या अर्थावर उभा आहे. प्रकरण तेथवर कसे येऊन पोचले, आणि त्या निवाड्याने परवाना देणाऱ्यास जे मिळाले ते, ज्याच्यासाठी असे परवाने लिहिले गेले त्या वापरणाऱ्यासही मिळाले काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आज्ञावलीला दोन रूपे असतात. एक, माणसाने लिहिलेली व माणसाला वाचता येणारी मूळ संहिता. हिलाच सोर्स कोड म्हणतात. दुसरे, त्या संहितेवरून यंत्रासाठी सिद्ध केलेले अंकरूप. केवळ अंकरूप हाती असले तर आज्ञावली चालविता येते, पण ती समजून घेणे वा दुरुस्त करणे अतिशय दुष्कर होते. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल करीपर्यंत महानुभावांच्या कित्येक पोथ्यांची जी अवस्था होती तीच ही : पोथी हाती आहे, ग्रंथ हाती नाही. भेद इतकाच की, लिपी उलगडताच पोथीचा मूळ पाठ जसाच्या तसा हाती येतो. अंकरूपावरून मूळ संहिता तशी परत मिळत नाही. म्हणून वापरणाऱ्याच्या हक्कांचा प्रश्न हा मूलतः संहितेपर्यंत पोचण्याचा प्रश्न आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. आज्ञावल्या यंत्राबरोबर येत, आणि बहुधा संहितेसह येत. जून १९६९ मध्ये आय. बी. एम. कंपनीने त्यांची किंमत यंत्राच्या किंमतीहून वेगळी आकारण्याचे जाहीर केले, तेव्हापासून आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल होऊ लागला. ए. टी. अँड टी. कंपनीची गोष्ट मात्र निराळी होती. १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीने तिला दूरसंचाराबाहेरचा धंदा करण्यास मज्जाव झाला होता. त्यामुळे तिच्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेली युनिक्स ही प्रणाली विद्यापीठांना अल्प शुल्कात, मूळ संहितेसह दिली जाई. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे अध्यापक होते. त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता छापून घेतली आणि १९७७ साली तिच्यावर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. एका पुस्तकात मूळ, दुसऱ्यात टीका : ही मांडणी आपल्याकडील शास्त्राध्ययनाच्या परंपरेला मुळीच अपरिचित वाटू नये. परंतु १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या परवान्यात संहिता वर्गात शिकविण्यास मनाई करण्यात आली. लायन्स यांचे भाष्य मग छायाप्रतींच्या छायाप्रती काढून हातोहात फिरत राहिले. ते उघडपणे प्रसिद्ध व्हावयास १९९६ साल उजाडले. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अॅमस्टरडॅम येथे मिनिक्स नावाची स्वतंत्र प्रणाली लिहून १९८७ साली प्रसिद्ध केली, तिचेही एक कारण हेच की विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगी संहिता उरली नव्हती. परवान्यातील एका कलमाने अभ्यासक्रमातून एक पाठ्यग्रंथ काढून घेतला, असे या प्रसंगाचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

याच सुमारास अमेरिकन कायद्यानेही आज्ञावलीला स्वामित्वहक्काच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, कक्षेत निश्चितपणे आणले. १९८० साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १९८३ साली अॅपल विरुद्ध फ्रँकलिन या दाव्यात यंत्राच्या अंकरूपासही ते संरक्षण लागू असल्याचा निर्णय झाला.

रिचर्ड स्टॉलमन यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेत ते काम करीत असता सुमारे १९८० साली तेथे झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. जुन्या यंत्रात कागद अडकला की संबंधितांना सूचना जाईल अशी सोय प्रयोगशाळेतील मंडळींनी स्वतःच आज्ञावलीत करून घेतली होती. नव्या यंत्राची संहिता मिळाली नाही, म्हणून ती सोय करता आली नाही. प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्या मागे असे अनुभव होते. पुढे इमॅक्स या संपादन-आज्ञावलीच्या बाबतीत त्यांना आणखी एक धडा मिळाला. त्यांच्या नव्या इमॅक्समध्ये जेम्स गॉस्लिंग यांच्या त्याच नावाच्या आज्ञावलीतील काही भाग घेतलेला होता. गॉस्लिंग यांची आज्ञावली एका व्यापारी कंपनीकडे गेल्यावर तो भाग काढून पुन्हा लिहावा लागला. तोंडी वा सैल शब्दांत दिलेल्या अनुमतीवर विसंबता येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

स्टॉलमन यांनी काढलेली युक्ती अशी : स्वामित्वहक्क सोडून द्यावयाचा नाही, तो राखून ठेवावयाचा, आणि त्याच्याच बळावर सर्वांना वापरण्याची, वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा द्यावयाची, मात्र जो वाटील त्याने पुढच्यालाही संहितेसह हीच मुभा दिली पाहिजे. हिला कॉपीलेफ्ट हे नाव पडले. ‘राइट’ म्हणजे हक्क आणि उजवा, ‘लेफ्ट’ म्हणजे डावा आणि सोडलेला, असा हा दुहेरी श्लेष आहे. तो मराठीत आणण्याच्या भरीस कोणी न पडलेले बरे. प्रथम प्रत्येक आज्ञावलीला तिचा वेगळा परवाना असे. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वांना मिळून एक सामान्य परवाना सिद्ध झाला : जी. पी. एल. त्याचा दुसरा पाठ जून १९९१ मधला. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या लिनक्सचा आरंभीचा, व्यापारी वाटपास मनाई करणारा परवाना १९९२ च्या प्रारंभी टाकून देऊन जी. पी. एल. स्वीकारला, आणि त्यामुळे या परवान्याचा प्रसार कल्पनेबाहेर झाला. बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतील परवाने याहून पुष्कळ सैल. ते घेणाऱ्यास पुढे संहिता झाकून ठेवण्याचीही मोकळीक देतात. देणाऱ्याचे औदार्य मोठे कोणते, यावर आजही एकमत नाही.

‘फ्री’ या शब्दाने या चळवळीला जो त्रास दिला तो भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. इंग्रजीत हा एकच शब्द ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थी चालतो. त्यामुळे मुक्त आज्ञावली विकताही येते हे समजावून सांगता सांगता तिच्या पुरस्कर्त्यांची दमछाक झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग सुचविला तो काही अंशी हा घोटाळा टाळण्यासाठीच. परंतु नाव बदलताना भरही बदलला : ‘फ्री’ हे वापरणाऱ्याच्या स्थितीचे वर्णन होते, ‘ओपन सोर्स’ हे संहितेच्या स्थितीचे आहे. मराठीत ‘मुक्त’ व ‘विनामूल्य’ हे शब्द मुळातच वेगळे असल्याने हा वाद येथे उद्भवण्याचे कारण नव्हते. तरीही मराठी लेखक ‘मोफत सॉफ्टवेअर’ असे लिहून तो ओढवून घेतात.

परवान्याचे शब्द एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेले म्हणजे ते कसे अडखळतात याचे एक उदाहरण आपल्या लिपीच्या संदर्भातले आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीकडून आलेले ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट कंपनीने जी. पी. एल. खाली खुले केले. टंक हा आज्ञावलीसारखा असला तरी तो लेखाच्या आत जाऊन बसतो. मग ज्या लेखात तो बसविला त्या लेखालाही परवान्याच्या अटी लागू होतात काय? २०११ साली लोहित टंक मुक्त टंक-परवान्याखाली, म्हणजे ओ. एफ. एल. खाली, आणले गेले. टंक वापरून केलेल्या लेखाला या अटी लागत नाहीत, असे त्या परवान्यात स्पष्ट म्हटलेले आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून भिन्न आहेत हे ज्याला ठाऊक आहे त्याला टंक बदलण्याचा हक्क म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. पर्ल या आज्ञाभाषेचे कर्ते लॅरी वॉल यांनी १९९१ च्या सुमारास ‘आर्टिस्टिक लायसन्स’ नावाचा परवाना लिहिला. वॉल हे बर्कलीला भाषाविज्ञान शिकलेले. त्यांचा परवाना मोकळ्या, काहीशा खेळकर भाषेत लिहिलेला आहे, आणि स्टॉलमन यांच्या संस्थेने तो संदिग्ध म्हणून नापसंत केला होता. या परवान्याखाली रॉबर्ट जेकबसन या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळातल्या आगगाड्या चालविण्याची एक आज्ञावली प्रसिद्ध केली होती. मॅथ्यू कॅट्झर यांच्या व्यापारी आज्ञावलीत तिच्यातील काही फायली वापरल्या गेल्या. पण मूळ लेखकांची नावे, स्वामित्वाची सूचना आणि काय बदल केले याची नोंद त्यात नव्हती. परवाना म्हणतो की आज्ञावली बदलता व वाटता येईल, ‘प्रोव्हायडेड दॅट’ प्रत्येक बदललेल्या फाइलीत तशी ठळक नोंद करावी, इत्यादी.

२००७ साली कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयाने असे मत दिले की परवानगी व्यापक आहे; नोंद करावयाची हे केवळ एक वचन आहे; ते मोडले तर फार तर करारभंग होईल. वरवर पाहता हा भेद बारीक वाटतो, पण सारे त्यावर अवलंबून होते. करारभंगाची भरपाई झालेल्या नुकसानीइतकी. आणि जी वस्तू फुकट दिली तिच्या बाबतीत पैशांत मोजण्याजोगे नुकसान ते कोणते? उलट नोंद ही अट मानली तर ती न पाळणाऱ्यास परवानगीच नव्हती असे होते, आणि त्याने केलेली प्रत हा स्वामित्वहक्काचा भंग ठरून न्यायालयाला मनाईहुकूम काढता येतो. १३ ऑगस्ट २००८ रोजी फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने खालचा निर्णय रद्द केला. परवाना स्वतःच ‘अटी’ सांगण्याचा हेतू व्यक्त करतो, आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’ ही शब्दयोजना कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सामान्यतः अट दर्शविते, असे त्याने म्हटले; शिवाय पैसा हातोहात फिरला नाही तरी मुक्त आज्ञावलीच्या कर्त्याला आर्थिक हित असू शकते, हेही मान्य केले. वॉल यांच्या ज्या परवान्याला संदिग्ध म्हटले गेले होते त्याच्याच वाक्यरचनेने हा निर्णय मिळवून दिला, ही मौजेची गोष्ट आहे. जेकबसन यांना मात्र लगोलग काही मिळाले नाही; जिल्हा न्यायालयाने २००९ च्या जानेवारीत मनाईहुकूम पुन्हा नाकारला, आणि २०१० साली एक लाख डॉलरांवर तडजोड झाली.

जर्मनीत हीच दिशा आधी दिसली होती. म्युनिक येथील न्यायालयाने २००४ साली हराल्ड वेल्टे यांच्या बाजूने, जी. पी. एल. न पाळणाऱ्या सिटेकॉम कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला होता. परंतु जेकबसन काय, वेल्टे काय, हे दोघेही कर्ते होते. अट मोडल्याने स्वामित्वहक्काचा भंग होतो हे तत्त्व कर्त्याच्या हाती शस्त्र देते. वापरणाऱ्याच्या हाती ते काहीच देत नाही, कारण तो स्वामी नाही. छपाईयंत्रासमोर उभे असलेले स्टॉलमन हे कर्ते नव्हते, वापरणारे होते, हे येथे आठवावे. जी. पी. एल. च्या दुसऱ्या पाठात तर आज्ञावली ज्याच्या हाती येते त्याला मूळ कर्त्याकडून थेट परवाना मिळतो असे म्हटले आहे. पण संहिता दिली गेली नाही तर त्याने जावे कोठे?

फ्रान्समध्ये याला एक उत्तर मिळाले. प्रौढांना व्यवसायशिक्षण देणाऱ्या ए. एफ. पी. ए. या संस्थेला ई. डी. यू. ४ या कंपनीने पुरविलेल्या सामग्रीत जी. पी. एल. खालील एक आज्ञावली होती. तिच्यातील मूळ स्वामित्वसूचना व परवान्याचा मजकूर काढून टाकलेला होता. पॅरिसच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये कंपनीने आपले दायित्व पाळले नाही असा निर्णय दिला. आणि येथे तक्रार करणारी संस्था कर्ती नव्हती, ग्राहक होती. अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने व्हिझिओ कंपनीचे दूरदर्शन संच विकत घेऊन, केवळ ग्राहक या नात्याने, २०२१ च्या ऑक्टोबरात संहितेची मागणी न्यायालयापुढे नेली. तिचे म्हणणे असे की परवाना हा करारही आहे, आणि ज्याच्या हितासाठी करार झाला तो त्रयस्थही त्याची अंमलबजावणी मागू शकतो. व्हिझिओचे म्हणणे उलट : हा विषय स्वामित्वहक्काचा आहे, कराराचा नव्हे. जेकबसन प्रकरणात करार हा शब्द प्रतिवादीच्या सोयीचा होता. येथे तो वादीच्या मुखी आला आहे. मे २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने प्रकरण राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठविले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने सुनावणीपूर्वीच दावा निकालात काढण्याची व्हिझिओची विनंती अमान्य केली.

जी. पी. एल. चा तिसरा पाठ २९ जून २००७ चा. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत ‘वाटणे’ या क्रियेचे अर्थ निरनिराळे, म्हणून त्याच्या कर्त्यांनी तो शब्दच काढून टाकला आणि दोन नव्या क्रियापदांची व्याख्या परवान्यातच दिली. इतकी दक्षता घेणाऱ्यांनी भाषांतराला मात्र अधिकृत मान्यता दिलेली नाही. प्रमाण पाठ इंग्रजीच. युरोपीय संघाच्या परवान्यात संघाच्या अधिकृत भाषांतील सर्व पाठ सारखेच प्रमाण मानले आहेत, हे लक्षात घेता ही भूमिका अपरिहार्य होती असे म्हणवत नाही. पण ती निष्कारण आहे असेही नाही. ‘प्रोव्हायडेड दॅट’ मराठीत आणावयाचे झाल्यास ‘बदललेली प्रत वाटता येईल, मात्र बदलाची नोंद करावी’ असे लिहिता येते, आणि ‘बदलाची नोंद केल्यासच बदललेली प्रत वाटता येईल’ असेही लिहिता येते. पहिल्यात परवानगी आधीच देऊन झाली आहे व मागाहून एक कर्तव्य सांगितले आहे; हे जिल्हा न्यायालयाचे मत झाले. दुसऱ्यात नोंद नाही तर परवानगी नाही. हे अपील न्यायालयाचे. ‘या अटीवर की’ असा तिसरा प्रयोग केला तरी ‘अट’ हा शब्द उच्चारताच निवड होऊन गेलेली असते. इंग्रजी वाक्य ज्या दोन अर्थांच्या मध्ये दोन न्यायालये होईतो उभे राहिले, तेथे मराठी वाक्याला उभे राहण्यास जागा नाही.