मनोराज्य आणि मनातले मांडे

'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार मराठी वाचकास नवा नाही. हाती काही नसताना कल्पनेतच सुख भोगणाऱ्याला उद्देशून तो योजतात. याच अर्थाचा 'मनोराज्य' हा शब्द संस्कृतातून आला. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त मनोराज्य हा मनाचा दोष मानून तो जिंकण्याचा उपाय सांगितला आहे. मराठी बोलीने हा शास्त्रातला दोष स्वयंपाकघरात आणला आणि त्याला खाद्यपदार्थाचे रूप दिले.

मांडाच का? संस्कृतातील 'मण्डक' म्हणजेच आपला मांडा. सैल कणकेचा गोळा हातांवर तोलत, पातळ पसरवीत, उपड्या घातलेल्या तापल्या मातीच्या भांड्यावर टाकणे हे सरावाचे काम आहे. कणीक, विस्तव, खापर आणि हातातले कसब यांपैकी एक जरी उणे असले तरी मांडा होत नाही. कुंभाराने खापर देऊ नये असा विसोबांनी बंदोबस्त केला आणि मुक्ताबाईंनी ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले, ही आख्यायिका हेच सांगते. एवढी साधने लागणारा पदार्थ नुसत्या मनाने करू पाहणारा हास्यास्पद ठरणारच! भ्रमात माणूस खोटे खरे मानतो, थापेत दुसऱ्याला फसवितो. मनातले मांडे खाणारा कोणाला फसवीत नाही, तो केवळ साधनांची तजवीज विसरतो. म्हणूनच या वाक्प्रचारात राग नाही, थट्टा आहे.

पांढुर्णा-सौंसरच्या परिसरात या थट्टेला आणखी एक शेजार लाभला. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तल्यावर ते राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्यप्रदेशातच राहिला. घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी, असा संसार तेव्हापासून चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसरही त्यातच आले. कचेरी जवळ आली, तिची भाषा तीच राहिली.

त्यामुळे 'खयाली पुलाव' येथे परका नाही. 'खयाल' अरबीतून आणि 'पुलाव' फारसीतून हिंदीत आला. दोन्ही भाषांनी कल्पनेची थट्टा चुलीपाशीच केली, हे साम्य मोठे गोड आहे. पुलाव शिकल्याने मांडे विसरण्याचे कारण नाही. परंतु पदार्थ चुलीवरून गेला आणि शब्द शाळेत भेटला नाही, तर वाक्प्रचाराचा अर्थ कोशात उरतो, त्यातली गंमत मात्र उरत नाही.

शताब्दीच्या निमित्ताने एक सुचवावेसे वाटते. सभासदांनी आपापल्या घरातील वृद्धांकडून असे शब्द, त्यांचा प्रसंग आणि त्यामागील वस्तू यांसह उतरवून घ्यावेत आणि वाचनालयाने त्यांची वही ठेवावी. कागद, लेखणी आणि सांगणारी माणसे अजून आपल्याजवळ आहेत. तेव्हा हे मनातले मांडे नव्हेत.