अंगुलिमालाचे पात्र आणि कंबोडियाचा खटला

अंगुलिमालाची कथा आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पण तिचा पुढचा भाग आपण घाईघाईत सांगतो. भगवंतांनी त्याला संघात घेतले, राजा प्रसेनजितानेही शिक्षा केली नाही. तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला की ढेकळं अंगावर यायची, डोकं फुटायचं, पात्र फुटायचं. ज्यांची माणसं गेली, त्यांना कुणी विचारलं होतं?

बौद्ध कंबोडियापुढे हाच प्रश्न आला. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीत सुमारे १७ लाख माणसे मेली. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहार बंद पाडले. नॉम पेन्हमधल्या एका शाळेचा तर छळतुरुंग केला. पुढे १९९६ साली त्यांच्यातल्या इयेंग सारीला राजाने माफी दिली. आम्ही म्हणतो, माफी द्यायची तर मेलेल्यांच्या घरच्यांनी. राजाला तो हक्क कुठला?

भिक्खू महाघोसानंदांनी आपली माणसे गमावली होती. तरी त्यांनी १९९२ पासून सुरुंगांच्या मुलखातून धम्मयात्रा काढली, मैत्री शिकवली. ही मैत्री मोठीच. पण मैत्री म्हणजे खटला नको, असं आम्हांला वाटत नाही.

न्यायालय उभं राहिलं २००६ साली. पोल पॉट १९९८ लाच मेला होता, इयेंग सारी निकालाआधी २०१३ मध्ये गेला. शिक्षा झाली फक्त तिघांना. त्यांतला तुरुंगप्रमुख डुक याने भर कोर्टात गुन्हा कबूल केला, क्षमा मागितली, आणि शेवटच्या दिवशी म्हणाला, मला सोडा! २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली.