रंग फाइलमध्ये नसतो, नाव असतं

आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये चौकोन काढला, सिलेक्ट केला, स्वॉचवर क्लिक केलं, झाला लाल. पण हा सपाट लाल रंग नेमका असतो कुठे?

1985 साली आल्डस कंपनीचं पेजमेकर मॅकिंटॉशवर आलं. तेव्हाच्या मॅकचा स्क्रीन 512 बाय 342 ठिपक्यांचा, आणि प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. करडासुद्धा खरा करडा नव्हे, नुसती ठिपक्यांची दाटी-विरळी. रंगीत मॅक आला 1987 मध्ये.

छापखान्यात मात्र सपाट रंगाचा प्रश्न आधीच सुटला होता. लग्नपत्रिकेवरचा कुंकवासारखा लाल दोन तऱ्हांनी छापता येतो. सायन, मजेंटा, पिवळा, काळा अशा चार शायांचे ठिपके एकावर एक छापायचे; किंवा तो लाल डब्यातच मिसळून घ्यायचा आणि त्याची एक वेगळी प्लेट करायची. हा दुसरा प्रकार म्हणजे स्पॉट कलर. पण 'तो लाल' म्हणजे कोणता? लॉरेन्स हर्बर्ट यांच्या पॅन्टोन कंपनीने 1963 साली याचं उत्तर दिलं: प्रत्येक रंगाला एक नंबर, आणि शाया मिसळायचं प्रमाण ठरलेलं.

डीटीपीने हीच पद्धत उचलली. म्हणजे आपण स्वॉच लावतो तेव्हा त्या वस्तूला रंग नाही, रंगाचं नाव चिकटतं. आम्ही कोड लिहिणारे याला व्हेरिएबल म्हणू. स्वॉच एकदा बदला, शंभर चौकोन एकदम बदलतात.

नाव आलं की प्रश्न येतो: ते नाव समोरच्याला माहीतच नसेल तर? 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट लेव्हल टूमध्ये याची सोय होती. शाईच्या नावासोबत पर्यायी रंगही लिहून ठेवायचा. प्रिंटरकडे ती शाई नसली तर तो पर्याय वापरायचा. मला हे डिझाइन फार शहाणपणाचं वाटतं.

आता या 2022 मध्ये. अडोबी आणि पॅन्टोनचं लायसन्सवरून फिसकटलं. बहुतेक पॅन्टोन लायब्ररी इनडिझाइन, इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमधून निघून गेल्या. फोटोशॉपच्या जुन्या फाइल उघडल्या तर पॅन्टोनच्या जागी लोकांना चक्क काळा रंग दिसू लागला. रंग परत हवेत? मग पॅन्टोनची वर्गणी भरा. ब्रिटिश कलाकार स्टुअर्ट सेंपल यांनी तर वैतागून 'फ्रीटोन' नावाचा पर्यायी रंगसंच फुकट वाटला.

काम आपलं, फाइल आपल्या डिस्कवर, पण रंगाचं नाव दुसऱ्याच्या मालकीचं. तेव्हा महत्त्वाच्या फाइलची एक पीडीएफ काढून ठेवा आणि स्पॉट कलरशेजारी त्याचे सीएमवायके आकडेही लिहून ठेवा. नेमकी तीच शाई मिळणार नाही, पण चौकोन काळा तरी पडणार नाही.

भेटू पुढच्या भागात!