बडतर्फी, फौजदारी दोषसिद्धीनंतरची

फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या सरकारी नोकरास, भावी शासकीय सेवेचे द्वार सामान्यतः बंद करून, सेवेतून दूर करण्याची शिक्षा. हा शब्द फार्सी ‘बर-तरफ’पासून आला. लागू नियम नोकराच्या सेवेनुसार ठरतात; उदा., रत्नागिरीच्या तहसील कचेरीतील कारकुनास महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या नोकरास १९६४ चे स्वतंत्र नियम. नेमणूक करणाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास बडतर्फीचा हुकूम काढता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३११(२) अन्वये एरवी अनिवार्य असलेली खातेनिहाय चौकशी (पहा : निलंबन), ज्या वर्तनाबद्दल दोषसिद्धी झाली त्याच वर्तनावर बडतर्फी आधारलेली असल्यास, वगळता येते, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या तुलसीराम पटेल निर्णयानुसार (१९८५) शिक्षेचे प्रमाण सक्षम अधिकाऱ्याने स्वतः तोलावेच लागते, आणि हेच या तरतुदीचे खरे मर्म होय. अपिलात केवळ कारावास स्थगित झाल्याने दोषसिद्धी पुसली जात नाही.